पार्किंग नंबर सातचा निळा धूर

माझी गाडी तेल पिते, हे मी स्वतः कुणापाशी कधीही कबूल केलं नव्हतं. ते सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलं, तेही गेटवरच्या वॉचमनला खुर्चीवरून न उठता वाचता यावं एवढ्या मोठ्या अक्षरात.

"पार्किंग क्र. ७ मधील डिझेल वाहन रोज सकाळी निळा धूर सोडत असून पहिल्या मजल्यावरील सभासदांचे वाळत घातलेले कपडे, तुळस व प्रकृती यांवर परिणाम होत आहे. सबब सदर वाहन इंजिन ऑइल का जाळते याचे लेखी कारण रविवारच्या सर्वसाधारण सभेत सादर करावे. अन्यथा सदर पार्किंग प्रतीक्षा यादीतील सभासदास देण्यात येईल."

खाली सेक्रेटरी रमेश नाईकधुरे यांची सही. प्रतीक्षा यादीत पहिलं नावही रमेश नाईकधुरे यांचंच होतं, कारण त्यांच्या मुलाने दसऱ्याला दुसरी गाडी घेतली आणि ती बिचारी उघड्यावर नाल्याकाठी उभी राहते. मी कुणाच्या हेतूबद्दल शंका घेणारा माणूस नाही. मी फक्त नोटीस आणि ती यादी हे दोन्ही कागद एकाशेजारी एक लावून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्याला चौदा लोकांनी अंगठा दाखवला. तो अंगठा माझ्या बाजूचा होता की त्यांच्या, हे त्या चौदा जणांनाच ठाऊक.

आता पार्किंग जाणं म्हणजे काय, हे वसईत न राहणाऱ्याला कळायचं नाही. आमच्या गल्लीत एका बाजूला रिक्षा स्टँड आहे, दुसऱ्या बाजूला नाला, आणि मधून जो रस्ता उरतो त्यावर पावसाळ्यात बदकं पोहतात. पार्किंग गेलं की गाडी गेली. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. ही गाडी गेल्यावर दुसरी येणार नाही, हे मला ठाऊक आहे, मनोरमाला ठाऊक आहे आणि बहुतेक गाडीलाही ठाऊक असावं. गेली अकरा वर्षं तिने आम्हाला दर मे महिन्यात मालवणला नेलं आणि एकदाही घाटात मान टाकली नाही. मला ती आवडते. माणसाला गाडी आवडते यात लाजण्यासारखं काही नाही.

मी त्याच दिवशी उत्तर दिलं. "सदर वाहनाची निगा मी रोज सकाळी जातीने राखतो. ऑइलची पातळी स्वतः तपासतो व कमी आढळल्यास स्वतः भरतो. गेल्या दोन वर्षांत यात एका दिवसाचाही खंड नाही. त्यामुळे निष्काळजीपणाचा आरोप मी फेटाळतो. कारण रविवारी देईन." 'फेटाळतो' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

मनोरमा म्हणाली, "कारण माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही."

"मग रविवारी काय देणार?"

बायकांना पत्रव्यवहारातला बाणेदारपणा कळत नाही.

यावर पहिला सल्ला आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या काशीराम म्हात्र्यांचा. म्हात्रे इथलेच, वाडीवाले. अर्धी वाडी बिल्डरला दिली आणि उरलेल्या अर्ध्या वाडीत अजून केळी लावतात. आमच्या बिल्डिंगमधल्या कुठल्याही यंत्राचं काही बिघडलं की त्यांना त्यांचा पंप आठवतो.

"मोंडकर, आमचं वाडीवरचं इंजिन पन असाच धूर सोडत होतं. निला. पानी कमी, धूर जास्त."

"मग काय केलंत?"

"काय करनार? भंगारात दिलं. आता विजेची मोटर हाय. एक बटन दाबलं की पानी."

मी त्यांना सांगितलं की माझी गाडी पाणी उपसत नाही. ते म्हणाले, "तेच सांगतो मी. उपसत असती तर ठेवा बोललो असतो."

दुसरा सल्ला मी स्वतःच स्वतःला दिला: सरकारी कागद आणावा. गाडी घेऊन हायवेवरच्या एका प्रदूषण तपासणी केंद्रात गेलो. तिथल्या माणसाने नळी लावली, मी ॲक्सिलरेटर दाबला, मशिनने थोडा विचार केला आणि गाडी पास झाली. पास! माझ्या गाडीच्या धुरावर सरकारचा आक्षेप नव्हता. मी तो कागद घेऊन छाती काढून नाईकधुऱ्यांच्या दारात उभा राहिलो.

त्यांनी तो चष्मा लावून वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली. "मोंडकर, यात धूर किती आहे ते दिलंय. आपण विचारलंय, का आहे."

"पण मर्यादेत आहे ना?"

"ती सरकारची मर्यादा. समितीने अजून मर्यादा ठरवलेली नाही. रविवारी ठरवू."

आता अशा माणसाशी काय बोलणार? मी कागद परत घेतला, घरी आणला आणि फ्रेम करायचा विचार केला. मनोरमाने फ्रेमला नकार दिला, म्हणून तो गाडीच्या काचेला आतून चिकटवला, तोंड नाईकधुऱ्यांच्या खिडकीकडे करून.

मग गॅरेज. नालासोपाऱ्यात पूर्वेला एक स्टीवन नावाचा मेकॅनिक आहे, हातात गुण आहे म्हणतात. त्याच्याकडे बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. त्याने बॉनेट उघडलं. इंजिनात तेल मोजायची जी लांब पट्टी असते, ती उपसून पाहिली आणि म्हणाला, "अंकल, ऑइल तो एकदम फुल है. गळ्यापर्यंत भरलंय."

"मी स्वतः घालतो," मी म्हणालो.

"दिसतंय," तो म्हणाला.

ही मी शाबासकी समजलो. आज मागे वळून पाहताना त्या क्षणाबद्दल मला काहीही बोलायचं नाही. तो आणखी काही बोलणार होता असं वाटतं, पण मी त्याला गेल्या दोन वर्षांतला ऑइलचा इतिहास सांगायला लागलो. कुठल्या ग्रेडचं, किती, कुठल्या दुकानातून. माझा इतिहास संपला तेव्हा त्याच्यापुढे तीन रिक्षा उभ्या होत्या. त्याने घाईघाईत निकाल दिला: एक तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नाही तर इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला. नक्की काय ते इंजिन उतरवून खोलल्यावर कळेल.

"खोलल्याशिवाय नाही कळणार?"

"अंकल, पोटात काय आहे ते पोट फाडल्याशिवाय कसं कळणार?"

गाडी मी तशीच माघारी आणली. खोललेलं इंजिन पुन्हा जसंच्या तसं बसतं यावर माझा विश्वास नाही. आमच्या घरातला मिक्सरसुद्धा एकदा खोलल्यापासून वेगळ्याच आवाजात बोलतो.

शनिवार उजाडला तेव्हा माझ्याकडे काचेला चिकटवलेला एक कागद सोडून काहीही नव्हतं. मनोरमा चहा देताना म्हणाली, "उद्या पार्किंग जाणारच आहे. आज निदान पाचूबंदरला जाऊन मासे तरी आणू. गाडीतून."

त्या 'गाडीतून'वर तिचा आवाज जरा खाली आला. मी बॉनेट उघडलं, रोजच्यासारखी पट्टी पाहिली, तेल कमी होतं, थोडं घातलं आणि आम्ही निघालो.

पाचूबंदरला जेट्टीजवळ लिलाव संपत आला होता. मी गाडी बाजूला घेतली, मनोरमाने पापलेटं पाहिली, सोडली, सुरमई पाहिली, सोडली, आणि शेवटी बोंबील घेऊन आली. निघायला म्हणून मी गाडी चालू केली आणि मागे घेऊ लागलो. गाडीने त्या दिवशी जो धूर सोडला तसा तिने पार्किंगमध्येही कधी सोडला नव्हता. निळा, दाट, आणि वारा खाडीवरून आमच्याकडे असल्यामुळे सरळ टोपल्यांवर.

"बंद कर! बंद कर ती गाडी!" एक बाई कमरेवर हात ठेवून आडवी आली. "म्हावरं ताजं हाय माझं, त्याची सुकट करतोस काय?"

मी काच खाली केली. "बाई, ही गाडी प्रदूषण तपासणीत पास आहे. हा पाहा कागद."

"कागद माशाला दाखव!"

आजूबाजूच्या सात-आठ जणी हसल्या. त्या बाईचं नाव एस्थर, आणि मनोरमाने बोंबील तिच्याचकडून घेतले होते हे मला नंतर कळलं. मनोरमा खाली उतरली आणि मी दोन वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिने दोन मिनिटांत केलं. तिने सगळं खरं सांगून टाकलं: सोसायटी, नोटीस, रविवार, रिंगा, टर्बो. एस्थरचा राग उतरला. तिने बोटींच्या दिशेने हाक मारली, "फ्रान्सिस! ए फ्रान्सिस! बग याचं काय ते!"

फ्रान्सिस तिचा भाऊ. पन्नाशीचा, शांत माणूस, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तो आला, मला नमस्कार वगैरे काही केला नाही, इंजिनापाशी कान नेला. मग हवेची एक जाड नळी सैल करून आत बोट घातलं. बोट तेलाने माखून बाहेर आलं.

"तेल कोन घालतो?"

"मी स्वतः," मी म्हणालो. छाती आपोआप पुढे आली.

"कदी?"

"रोज सकाळी बघतो. पट्टीवर कमी दिसलं की घालतो."

"कुठं उबी असते गाडी?"

"पार्किंगमध्ये. उत्तम पार्किंग आहे आमचं. दोन वर्षांपूर्वी पुराचं पाणी शिरलं, तेव्हा सगळं भराव घालून वर उचललं, पेव्हर ब्लॉक बसवले."

"सपाट हाय?"

सपाट नव्हतं. पाणी गेटकडे वाहून जावं म्हणून भराव भिंतीकडे उंच आणि गेटकडे उतरता घातला होता. आणि नाईकधुऱ्यांनी त्याच वर्षी परिपत्रक काढलं होतं की पुन्हा पूर आला तर इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून सर्व वाहने तोंड भिंतीकडे, म्हणजे चढाकडे, करून लावावीत. तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या सगळ्या गाड्या नाक वर करून उभ्या असतात. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी. मीसुद्धा.

फ्रान्सिसने समोर बोट दाखवलं. ओहोटी होती. खाडीच्या चिखलात पाच-सहा बोटी एका कुशीवर कलंडून पडल्या होत्या.

"ती बगा. आता त्या बोटीचं तेल बगायला मी जानार नाय. बोट वाकडी, तर तेल पन एका अंगाला. पट्टी खोटं सांगते. भरती येल, पान्यावर बोट सरल उबी राहील, मंग बगनार. आमच्यात पोरंसोरं पन ओहोटीला तेल बगत नाय."

त्याने गाडी लिलावाच्या सपाट सिमेंटवर घ्यायला लावली. इंजिन बंद केलं. आम्ही दहा मिनिटं थांबलो. ती दहा मिनिटं फार लांब होती, कारण एस्थर आणि तिच्या मैत्रिणी रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मग त्याने पट्टी उपसली आणि माझ्यासमोर धरली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"गाडी तेल पीत नाय," फ्रान्सिस म्हणाला. "तुमी पाजता. पोट फुटेस्तोवर पाजता. मंग ती ओकते, ओकलेलं तेल हवेच्या नलीत जातं, तेच जलतं. रिंगा बऱ्या हाय, टर्बो बरा हाय. आनखी चार दिवस असं घातलं असतं ना, तर इंजिन स्वताच्याच तेलावर धावलं असतं. चावी काढली तरी बंद झालं नसतं."

मनोरमाने वाकून ती पट्टी नीट पाहिली आणि मग मला नीट पाहिलं.

त्याने खालचा नट सैल करून जादा तेल एका कॅनमध्ये काढलं. दीड लिटर. माझ्या दोन वर्षांच्या काळजीतलं जे जळायचं राहिलं होतं, ते कॅनमध्ये पडताना मी पाहत होतो. नळ्या पुसल्या. मग गाडी चालू केली. आधी थोडा उरलासुरला धूर आला आणि मग काहीच नाही. गाडी इतकी गोड वाजत होती की मला रडू आलं असतं, पण समोर टोपल्यांवर प्रेक्षक होते.

"लेखी पाहिजे," मी म्हणालो. "उद्या सभेत द्यायचंय."

फ्रान्सिसकडे लेटरहेड नव्हतं. त्याने खिशातली बर्फाची पावती काढली, मागे लिहिलं आणि सही केली: 'तेल जास्त घातला. मानसाने. गाडी बरी हाय.'

परतीच्या वाटेवर मी बराच विचार केला. ही पावती दाखवली तर गाडी वाचत होती, पण मी संपत होतो. जातीने निगा, एका दिवसाचा खंड नाही, फेटाळतो, दोन रेघा. न दाखवावी आणि टर्बो गेला म्हणून सांगावं, तर माझी अब्रू वाचत होती आणि पार्किंग जात होतं. मनोरमाने विचारलं, "काय ठरवताय?" मी म्हणालो, "माझं तोंड मी घरात नेऊ शकतो. गाडीला पार्किंग लागतं."

सभा पार्किंगमध्येच भरली, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी उभा राहिलो आणि पावती मोठ्याने वाचली. एकही शब्द गाळला नाही. 'मानसाने' म्हटल्यावर जो हशा झाला तो मी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणालो, "तो माणूस मी. दोन वर्षं रोज सकाळी मी माझ्या हाताने जादा तेल ओतलं. निष्काळजीपणा नव्हता. काळजीच जास्त झाली. आता गाडी धूर सोडत नाही. कारण दिलं. पार्किंग माझं."

नाईकधुरे उठले. "यावर शिक्का नाही. शिवाय ही बर्फाची पावती आहे."

"शिक्का मारायला ओहोटी संपायची वाट बघावी लागेल," मी म्हणालो. "त्यापेक्षा इथेच बघा. हा भराव तुमचा. नाक वर करून गाड्या लावायचं परिपत्रकही तुमचं. उतार आहे की नाही ते तपासा."

"उतार नाममात्र आहे."

तेवढ्यात काशीराम म्हात्रे पिशवीत हात घालून उठले. ते वाडीवरून थेट सभेला आले होते. "मोंडकर, बाजूला व्हा," म्हणाले, आणि एक सोललेला नारळ त्यांनी माझ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी, भिंतीकडे, जमिनीवर ठेवला आणि हात काढला. नारळ आधी जागच्या जागी हलला. मग निघाला. खुर्च्यांच्या दोन रांगांमधून, लोकांचे पाय चुकवत, पेव्हर ब्लॉकवरून टकटक आवाज करत तो उतरत गेला, आणि प्रत्येक जण आपले पाय वर घेऊन त्याला वाट देत होता. गेटच्या लोखंडी पट्टीला आपटून तो फुटला. वॉचमनने तो उचलून खाल्ला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे माझी गाडी पण..." आणि एकेक जण वळून आपापल्या गाडीच्या वर केलेल्या नाकाकडे बघू लागला. नाईकधुऱ्यांनीसुद्धा बघितलं. त्यांच्याही डिकीत ऑइलचा कॅन असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

पार्किंग वाचलं. पण सोसायटी कुणाला सुखाने जिंकू देत नाही. नाईकधुऱ्यांनी लगेच दुसरा ठराव मांडला: पार्किंग क्रमांक सात मोंडकर यांच्याकडेच राहील, परंतु सोसायटीच्या आवारात श्री. मोंडकर यांनी यापुढे वाहनाचे बॉनेट उघडू नये. तेल पाहायचे झाल्यास अन्य सभासदाकडून पाहून घ्यावे.

मी कडाडून विरोध केला. म्हणालो, माझी गाडी, माझं बॉनेट. चूक केली ती कबूल केली, चव्हाट्यावर केली, त्याची शिक्षा म्हणून मला माझ्याच गाडीपासून दूर ठेवणार? माझं मत विरुद्ध म्हणून नोंदवा, नावानिशी नोंदवा!

नाईकधुऱ्यांनी रजिस्टर चाळलं. "मोंडकर, तुमच्या फ्लॅटवर पहिलं नाव मनोरमाताईंचं आहे. मत त्यांचं."

तीस डोकी मनोरमाकडे वळली. तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि हात वर केला. ठरावाच्या बाजूने. ठराव एकमताने मंजूर झाला आणि माझी विरोधाची सारी तळमळ इतिवृत्तात 'काही चर्चेनंतर' या दोन शब्दांत नोंदली गेली. घरी तिने बोंबील तळले आणि मला दोन जास्त वाढले. मी खाल्ले, पण माफ केलं नाही.

सोमवारी सकाळी मी गाडी चालू केली. धुराचा मागमूस नाही, पहिल्या मजल्यावरच्या तुळशीचं पानही हललं नाही. हळूच गेटबाहेर काढली, रिक्षा स्टँडच्या पुढे, जिथे महानगरपालिकेने चुकून पन्नास फूट रस्ता सपाट केला आहे. तो सोसायटीचं आवार नाही. तिथे गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो आणि बॉनेट उघडलं.

वर बघितलं तर नाईकधुरे बाल्कनीत आले होते. मनोरमाही खिडकीत होती. रिक्षावाले दात घासता घासता थांबले होते. मी पट्टी उपसली, पुसली, घातली, पुन्हा उपसली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. घालण्यासारखं काही नव्हतं, पुसण्यासारखं नव्हतं, खरं म्हणजे तिथे माझ्यासाठी काही कामच उरलं नव्हतं.

तरी मी बॉनेट अर्धा तास उघडंच ठेवलं.